ओले ठसे

"मिसरी लावता का, मावशी?" डॉ. तन्वी गेडामने विचारलं.

"नाही."

"तंबाखू? गुल? सिगारेट तर नसेलच..."

"नसेलच म्हणजे? ओढत असते तर तोंडावर सांगितलं असतं. मी कुणाला भीत नाही," उज्ज्वला अंबुरे म्हणाली. "पान खाते. काथ, चुना, बडीशेप. सुपारीसुद्धा घालत नाही. अजून काय राहिलंय विचारायचं?"

नांदूरपेठच्या आरोग्य केंद्रात ही उलटतपासणी चालू होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर सांधणीच्या सगळ्या बायका रांगेत बसल्या होत्या. एकूणएक बाईचं तोंड पानाने रंगलेलं होतं.

नांदूरपेठ हे पैठणीचं गाव. २०४४ साली, जेव्हा यंत्र तासाभरात हुबेहूब पैठणी काढून देतं, तेव्हाही इथे हातमाग चालतात आणि इथल्या पैठणीसाठी लोक वर्षवर्ष थांबतात. मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा, संपत आला की त्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचं टोक पीळ देऊन जोडावं लागतं. हजारो टोकं, एकेक करून. गाठ मारायची नाही, कारण गाठ फणीत अडकते. नुसता पीळ. या कामाला सांधणी म्हणतात आणि ते बायकाच करतात. उज्ज्वला अठ्ठावन्न वर्षांची होती आणि या कामात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तिने सांधलेला धागा तुटलाच तर दुसरीकडे कुठेतरी तुटायचा, सांध्यावर नाही. हे ती स्वतः सांगायची नाही. विणकर सांगायचे, आणि ती ते शांतपणे ऐकून घ्यायची.

गेल्या महिन्यात नाशिकला तिच्या मूत्राशयातून मसुरीच्या दाण्याएवढी गाठ दुर्बिणीतून काढली होती. ती कर्करोगाची होती. वेळेवर सापडली, कारण गावात ठसेवाचक आला होता.

तन्वीने टेबलावरचं ते यंत्र तिच्याकडे वळवलं. ओव्हनएवढा पांढरा डबा. "मावशी, यात लघवीचा नमुना टाकला की त्यातून आलेल्या मूत्राशयाच्या पेशी यंत्र वेगळ्या काढतं आणि त्यांच्यातला डीएनए वाचतं. अक्षर न् अक्षर. पेशीला विषारी रसायन लागलं की ते त्या अक्षरांना चिकटतं. पेशी बिचारी दुरुस्ती करत राहते. जोवर रसायन नुसतं चिकटलेलं आहे, तोवर त्याला आम्ही ओला ठसा म्हणतो. तो पुसता येतो. पण दुरुस्ती व्हायच्या आधीच पेशी विभागली, तर चुकीचं अक्षर कायमचं छापलं जातं. तो वाळलेला ठसा. तो कुणाला पुसता येत नाही."

"आणि मग कॅन्सर?"

"लगेच नाही. आपल्या सगळ्यांच्या अंगात असे वाळलेले ठसे असतात. पण पेशीला 'वाढ' म्हणणारी काही अक्षरं असतात आणि 'थांब' म्हणणारी काही. बरोबर त्याच जागी चुका साचत गेल्या की ती पेशी कुणाचं ऐकेनाशी होते." तन्वी थांबली. ती चंद्रपूरकडची होती. कठीण गोष्ट सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची तिला सवय होती. "आणि प्रत्येक रसायनाची मोडतोड करायची रीत वेगळी असते. तंबाखूच्या धुराची वेगळी, कडक उन्हाची वेगळी. तुमच्या पेशींत तंबाखू नाही. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या पेशींत रंग आहे."

"कुठला?"

"अमर मोरपंखी."

पंधरा वर्षांपूर्वी रंगसेतू नावाच्या कंपनीने हा रंग आणला होता. उन्हात विटत नाही, धुण्यात उतरत नाही, घामाने डागळत नाही. निळ्या-हिरव्याच्या मधली ती झळाळी आधी कुणी पाहिली नव्हती. नांदूरपेठची मोरपंखी पैठणी त्या रंगावरच देशभर गेली. रंगाचा परवाना मात्र तात्पुरता होता. आता तो कायमचा करायचा, तर रंग हाताळणाऱ्या लोकांची तपासणी करावी लागते, असा नवा कायदा. त्यासाठीच तन्वी आणि तिचं यंत्र गावात आलं होतं.

"गंमत अशी आहे," तन्वी म्हणाली, "की रंगारी दिवसभर त्या हौदापाशी उभे असतात, त्यांच्यात या रंगाचा एकही ठसा नाही. विणकरांमध्ये नाही. फक्त सांधणीच्या बायकांमध्ये आहे, आणि सगळ्यांमध्ये आहे. हा रंग कातडीतून आत जात नाही. तो पोटात गेलाय. मला एवढंच कळत नाही, की कसा."

"आम्ही हात धुऊन जेवतो."

"मागापाशी डबा खाता?"

"मागापाशी? देवघरात बसून कुणी मटण खातं का?"

"धागा ओला कशाने करता?"

"पाण्याने," उज्ज्वला म्हणाली. "शेजारी वाटी असते. तिच्यात बोट बुडवतो."

हे ती खोटं बोलली. नांदूरपेठची प्रत्येक सांधणीवाली जे खोटं बोलत आली होती, तेच.

वाटी असायची, हे खरं. तांब्याची, घासूनपुसून लख्ख, काठोकाठ भरलेली. तिच्यात कुणी बोट बुडवत नसे; क्वचित एखादा डास अंडी घालून जाई, तेवढाच तिचा उपयोग. पाण्याने रेशीम फुगतं आणि पीळ सुटतो. त्याला थुंकीच लागते, नेमकी तेवढीच चिकट, नेमकी तेवढीच ओली. अंगठा जिभेच्या टोकाला लागतो, टोकं एकमेकांवर येतात, पीळ बसतो, अंगठा परत जिभेला. बघणाऱ्याला वाटावं, बाई ओठांवरचा घाम पुसते आहे.

पण पैठणी लग्नात नेसतात. शालू देवीला चढतो. दर नवरात्रात डोंगरावरच्या जाखाईला नांदूरपेठहून नवं लुगडं जातं. ते उष्टं कसं चालेल? म्हणून नवी पोर सांधणीला बसली, की पहिल्या दिवशी सगळ्यांसमक्ष तिला मागाला हात लावून शपथ घ्यावी लागे: धाग्याला जीभ लावणार नाही. त्याच संध्याकाळी, माणसं पांगली की, शिकवणारी बाई तिला जीभ कशी लावायची ते दाखवी. आणि जिभेवर चढलेला रंग झाकायला पान खायला शिकवी. नवऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, सांधणीच्या बायका भारी पानखाऊ.

•

घरी खानापुरेनाना येऊन बसले होते. विणकर संघाचे अध्यक्ष, सत्तरीचे, पांढरेशुभ्र कपडे. उज्ज्वलाची सून आर्या त्यांना चहा देत होती.

"वहिनी, सोमवारी परवाना समिती येतेय," नानांनी सरळ विषयाला हात घातला. "कंपनीचे साहेब पण येतायत. बायकांना बोलावतील, विचारतील. एक सांगतो, ऐका. पानाचं नाव घ्या. पानात काहीतरी येत असेल म्हणावं. विषय मिटला."

"ते यंत्र म्हणतंय रंग आहे म्हणून."

"यंत्र म्हणेल. पण रंग पोटात गेला कसा, हे यंत्राला सांगता येत नाही ना? मग समिती म्हणेल, यंत्राचं काहीतरी चुकतंय." नानांनी बशीतला चहा संपवला. "मोरपंखी बंद झाली तर अर्ध्या गावाचे माग बंद पडतील, आणि ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही तर आमची शान आहात."

ते गेले. आर्याने कपबशा उचलल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "नानांना माहीत आहे, आई."

"काय?"

"त्यांची आई सांधणी करायची. त्यांना माहीत नसेल?"

आर्या चार वर्षांपूर्वी या घरात आली. डिझाइन शिकलेली, संगमनेरच्या लोखंड्यांची मुलगी. सांधणी शिकायचं तिने स्वतःहून काढलं होतं. सहा महिन्यांत तिचा अंगठा असा चालायला लागला, की उज्ज्वला तिच्या पाठीमागे उभी राहून बघायची आणि ती वळली की तोंड फिरवायची.

"माझाही नमुना वाचून झाला आज सकाळी," आर्या म्हणाली.

"मग?"

"वाळलेले कमी आहेत. चारच वर्षं झालीत ना. ओले मात्र तुमच्याहून जास्त आहेत." ती हसली, पण ते हसू तोंडभर पसरलं नाही. "या वर्षी मी तुमच्यापेक्षा जास्त ताणे सांधलेत. पहिल्यांदाच तुमच्या पुढे गेले बघा."

उज्ज्वला खाली बसली. कितीतरी वर्षं तिने या बोटांचा अभिमान बाळगला होता. कुणी कधी सोन्याचं कडं दिलं असतं, तरी तिला एवढं सुख झालं नसतं, जेवढं या पोरीला आपली चाल जशीच्या तशी आलेली बघून झालं होतं. आणि त्या चालीबरोबर तिने तिला काय दिलं होतं, ते आता यंत्राने वाचून दाखवलं होतं.

"उद्यापासून तू मागावर बसायचं नाहीस."

"का म्हणून? मी बसणार. आपण जीभ लावणं बंद करू, गुपचूप. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि बाकीच्या? त्या कशा थांबतील? कशासाठी थांबा, हे सांगायला नको त्यांना?"

"त्यांनाही गुपचूप सांगू."

"पोरी, आपल्या गुपचुपीनेच तर हे झालंय," उज्ज्वला म्हणाली. "आणि सोमवारी परवाना कायमचा झाला, की हा रंग देशभर जाईल. तिकडच्या बायकांना कोण सांगणार? तू?"

आर्याने कपबशा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "माझ्या ताईचं बाळ तिचा पदर चोखत झोपतं. मोरपंखीच आहे तो. बारशाला ती पैठणी आपणच दिली."

उज्ज्वला ताडकन उठून उभी राहिली.

"पण सांगितलं, तर तुमचं नाव जाईल," आर्या हळू म्हणाली. "गावाचंही. लोक म्हणतील, थुंकीची लुगडी."

"म्हणू देत," उज्ज्वला म्हणाली. मात्र हे म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. तिचं नाव म्हणजे तिच्याजवळ जे काही होतं ते सगळं होतं.

•

सोमवारी सकाळी ती घरोघर फिरली. प्रत्येक दारात तेच बोलली: "आज मोरपंखीच सांधा. पान खाऊ नका. आणि तशाच संघाच्या सभागृहात या. तिथे काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काय करणार, ते मी ठरवलंय." काही बायकांनी मान डोलावली. काहींनी दार अर्धवट लोटून घेतलं.

सभागृह भरलं होतं. समितीच्या अध्यक्षा डॉ. इनामदार मधोमध बसल्या होत्या. रंगसेतूचे मुख्य रसायनतज्ज्ञ डॉ. कीर्तने यांनी टेबलावर दोन काचेचे पेले ठेवले होते. एकात पाणी, दुसऱ्यात प्रयोगशाळेत बनवलेला माणसाचा घाम. दोन्हींत मोरपंखी धाग्याची एकेक लडी बुडवून ठेवली होती. पेल्यांतलं पाणी नितळ होतं.

"सकाळपासून हे असंच आहे," कीर्तने म्हणाले. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते. "गेडाम मॅडमच्या यंत्रावर माझा अविश्वास नाही. पण जो रंग धाग्यातून बाहेरच येत नाही, तो शरीरात जाईल कसा? मला हे कोडं सुटत नाही, आणि सुटत नाही तोवर रंगाला दोष देणं बरोबर नाही."

तन्वी उभी राहिली. "साहेब, कोडं मलाही सुटलेलं नाही. पण ठसे खरे आहेत."

इनामदारांनी चष्मा काढला. "सांधणीच्या भगिनींपैकी कुणाला काही सांगायचं आहे?"

"त्यांच्या वतीने मी सांगतो," खानापुरेनाना उठले. "आमच्या बायकांना पानाची फार आवड..."

"नाना, बसा," उज्ज्वला म्हणाली.

नाना बसले नाहीत, पण थांबले. उज्ज्वला चालत पुढे गेली. टेबलासमोर उभी राहिली, समितीकडे तोंड केलं, आणि जीभ बाहेर काढली.

मागून कुणीतरी पोरगं फिसकन हसलं. मग तेही थांबलं. जिभेचं टोक मोरपंखी होतं. टोकाकडे गडद, मागे निळसर होत गेलेलं. दुकानात रेशमाची लडी उन्हात धरली की जसा रंग झळकतो, तस्सा.

"हा असा जातो पोटात," उज्ज्वला म्हणाली. "आम्ही थुंकी लावून सांधतो. माझ्या सासूने मला शिकवलं, मी हिला शिकवलं. वाटी नुसती दाखवायला असते. पान ही जीभ झाकायला."

"वहिनी!" नानांचा आवाज फाटला. "अहो, काय बोलताय? जाखाईला नेसवतो आपण ते लुगडं! उष्टं म्हणताय त्याला?"

उज्ज्वला वळली. "नाना, तुमच्या आईच्या जिभेने सांधलेलं लुगडं देवी नेसली आहे. माझ्या सासूच्या, माझ्याही. देवीने कधी तक्रार केली नाही. तक्रार तुम्ही करताय."

उज्ज्वलाने बायकांच्या रांगांकडे बघितलं. त्या माना खाली घालून बसल्या होत्या. तो क्षण फार लांबला. आपण एकटीच उभी राहणार, हे तिने मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं, तोच आर्या उठली. पुढे आली, सासूच्या शेजारी उभी राहिली आणि जीभ काढली. मग पद्मा महिंद्रकर, गावातली सगळ्यात म्हातारी सांधणीवाली, काठी टेकत आली. "माझी पण बघा हो साहेब," ती म्हणाली. "मला दात नाहीत, नीट दिसेल."

हशा पिकला आणि त्या हशात बाकीच्या उठल्या. एकेक करून सगळ्या. ज्यांनी सकाळी दार लोटून घेतलं होतं, त्यासुद्धा. टेबलासमोर मोरपंखी जिभांची ओळ उभी राहिली. समितीतल्या एका तरुण सदस्याचा फोन फोटोसाठी वर गेला होता; तो त्याने खाली घेतला आणि उभा राहिला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

तन्वी धावत पुढे आली होती. ती जिभा बघत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. "मावशी, हा धागा चवीला कसा लागतो?"

"जुने रंग कडू लागायचे. हा गोड लागतो. मागाहून, जराजरा."

"भात खूप चावला की लागतो तसा?"

"अगदी तसा."

तन्वीने कीर्तन्यांकडे बघितलं. कीर्तने आधीच उठून उभे होते.

"स्टार्च," ते म्हणाले.

मग दोघांनी मिळून समितीला जे समजावलं, ते असं. अमर मोरपंखी धाग्यात टिकतो, कारण रंगाच्या प्रत्येक कणाभोवती स्टार्चचं एक सूक्ष्म जाळं विणलेलं असतं. ते पाण्याला, घामाला, साबणाला दाद देत नाही. पण माणसाच्या थुंकीत स्टार्च तोडणारं पाचकद्रव्य असतं. भात चावता चावता गोड लागतो, तो त्यामुळेच. धागा जिभेला लागला की जाळं विरघळतं आणि रंग मोकळा होतो. तो गिळला जातो. त्या रंगाच्या रेणूत दोन तुकडे नायट्रोजनच्या कडीने एकत्र धरलेले असतात. आतड्यातले जिवाणू ती कडी उघडतात. सुटलेला तुकडा यकृतात जातो. परका पाहुणा बघून यकृत त्याला बाहेर घालवायच्या तयारीला लागतं. त्याला ऑक्सिजन चिकटवतं, वर वेष्टण गुंडाळतं आणि मूत्रपिंडाकडे रवाना करतं. मूत्राशयात तो तासन्‌तास साठून राहतो. तिथल्या आंबट लघवीत वेष्टण गळून पडतं आणि आतला कण उघडा पडतो. यकृताने निरुपद्रवी समजून पाठवलेली ती वस्तू आता आधीपेक्षा धोकादायक झालेली असते. ती समोर येईल त्या पेशीच्या डीएनएला बिलगते. शरीराने आपलं घर झाडायला घेतलेलं असतं, आणि त्या झाडण्यातच विष तयार होतं.

बोलून झाल्यावर कीर्तन्यांनी तिसरा पेला मागवला. सगळ्यांसमोर ते त्यात स्वतः थुंकले, मोरपंखी धागा बुडवला आणि पेला हाताच्या उबेत धरून बसले. कुणी जागचं उठलं नाही. हळूहळू पेल्याच्या तळाशी निळी-हिरवी रेघ उतरायला लागली.

"आम्ही पाणी तपासलं," कीर्तने म्हणाले. "घाम तपासला, साबण तपासला, ऊन तपासलं. तोंड तपासायचं आमच्या मनातही आलं नाही. हा रेणू मी बनवलाय. परवान्याचा अर्ज मी मागे घेतो."

•

दुसऱ्या दिवसापासून नांदूरपेठची नाचक्की सुरू झाली. वाहिन्यांनी 'थुंकीची पैठणी' असं नाव पाडलं. लग्नाचे शालू परत आले. एका वरमाईने तर फोनवर उज्ज्वलाला विचारलं, "बाई, तुम्ही ब्रश तरी करता का?" उज्ज्वलाने उत्तर दिलं, "मी दोनदा करते. तुमच्या मुलाचं विचारा." आणि फोन ठेवला. नानांनी तिच्याशी बोलणं सोडलं. गावातले बरेच माग बंद पडले. जिथे तिला मान मिळायचा, त्या दारांवरून जाताना ती आता मान ताठ ठेवून जायची. आधी तशी कधी ठेवावी लागली नव्हती.

आर्या मात्र घरात वाट्यांची रांग मांडून बसली होती. तांदळाची पेज, डिंकाचं पाणी, कोरफडीचा गर. पेजेने पीळ कडक होई, डिंकाने धागे एकमेकांना चिकटत, कोरफड घसरे. शेवटी तिने जवस भिजवून त्याचा बुळबुळीत रस काढला आणि कापसाच्या गादीत मुरवून ती गादी डाव्या मनगटावर बांधली. अंगठा जिभेऐवजी मनगटाला. उज्ज्वलाने सांधा ओढून बघितला. पुन्हा जोर लावून ओढला. धागा तुटला, सांधा राहिला.

"बरा आहे," ती म्हणाली. आर्याला एवढं पुरलं.

उज्ज्वलाला मात्र ते जमेना. तिचा अंगठा इतक्या वर्षांच्या वाटेने आपोआप तोंडाकडेच वळायचा, आणि ती चिडून त्याला खाली आणायची. कामात सून तिच्या पुढे गेली, आता खरोखरची पुढे. हे उज्ज्वलाने शेजारणीला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तिची छाती पुढे आली होती.

काही आठवड्यांनी तन्वीने आर्याचा नमुना पुन्हा वाचला. ओले ठसे उतरणीला लागले होते. पेशी आपलं दुरुस्तीचं काम करत होत्या. त्यांना फक्त उसंत हवी होती. वाळलेले होते तेवढेच राहिले, एकही वाढला नाही. "हे असंच राहिलं तर?" उज्ज्वलाने विचारलं. "तर बाकीच्यांसारखीच म्हातारी होईल," तन्वी म्हणाली. उज्ज्वलाने तिला घरी जेवायला बोलावलं.

नवरात्राच्या आधी जाखाईचा गुरव डोंगर उतरून आला. बरोबर देवस्थानच्या दोन विश्वस्त बायका. उज्ज्वलाला वाटलं, यंदाचं लुगडं दुसऱ्या गावाला गेलं, हेच सांगायला आले असतील. तिने पाणी दिलं आणि उभी राहिली.

"लुगडं इथलंच," गुरव म्हणाला. "मोरपंखी नको. हळदीने रंगवलेलं करा. पण आमची एक इच्छा आहे, उज्ज्वलाताई. तुम्ही सभेत बोललात ते आम्ही ऐकलं. देवी म्हणजे तरी कोण, आईच की. तिला लेकीबाळींच्या तोंडचं उष्टं कसलं? हे लुगडं तुम्ही पहिल्यासारखं, जिभेने सांधा. उघडपणे. आम्ही सगळ्यांना सांगू."

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. जे लपवत तिचं आयुष्य गेलं होतं, ते आता देवीच्या दारात मानाने मागितलं जात होतं. आतल्या खोलीत वाट्यांचा आवाज थांबला. आर्या ऐकत होती.

"नाही," उज्ज्वला म्हणाली.

गुरव चमकला. "हळद आहे, ताई. त्यात काही विष नाही."

"हळदीत नसेल. पण उद्या कुठला रंग येईल, त्यात काय असेल, ते कुणी सांगावं? मी जिभेने सांधलं, की माझं बघून पोरी जिभेने सांधतील. देवीसाठी म्हणून सांधतील, आणि मग थांबणार नाहीत." तिने पदराने डोळे पुसले. "लुगडं आर्या सांधेल. जवसाने. पाहिजे तर घ्या, नको तर दुसरं गाव बघा."

विश्वस्त बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग थोरली म्हणाली, "सांधू दे तिला."

"आणि अजून एक," उज्ज्वला म्हणाली. "लुगडं नेसवताना तुम्ही देवीसमोर विणकराचं नाव घेता, रंगाऱ्याचं घेता. यंदा सांधणारीचं पण घ्यायचं."

"तशी रीत नाही हो," गुरव म्हणाला. "आजवर कुणी घेतलं नाही."

"आजवर आम्ही नेमकं काय करतो, तेही कुणाला ठाऊक नव्हतं."

गुरवाने मान डोलावली. मग खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा सुनेचं."

उज्ज्वला तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला. "आर्या लोखंडे-अंबुरे! दोन्ही लावा, काका. आणि 'र्या' नीट उच्चारा, माईकवरून सांगणार आहात!"

"आगाऊ आहे," उज्ज्वला गुरवाला म्हणाली. ती हसत होती. "पण लिहा, तिने सांगितलं तसंच लिहा."